चौदावी रीत

अण्णांना जाऊन वर्ष झालं त्या रविवारी मोठ्या वहिनीने सूप केलं नाही.

अकराच्या सुमारास वकील भावजी जिना चढून आले, दारात बूट काढले आणि सवयीने नाक वर करून हुंगलं. वास नव्हता. खालच्या दुकानातला सरसाचा वास तेवढा फळ्यांच्या फटींतून नेहमीसारखा वर येत होता. पुस्तकं बांधणाऱ्या घरात जन्मलेल्या माणसाला तो वास म्हणून जाणवतही नाही.

"वहिनी, तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे."

"नाही, ते सूप..."

"बसा ना भावजी. सगळे येऊ देत."

भावजी बसले. त्यांच्यामागून त्यांची बायको आली. ती दातांची डॉक्टर. घरात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, आणि ती बोलत असताना नकळत तोंड मिटून घेत. मग बिट्टी, वहिनीची मुलगी, आत्याबाईंना हाताला धरून घेऊन आली. आत्याबाई म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. ब्याऐंशी वर्षांच्या, वजनाने एखाद्या जाडजूड शब्दकोशाएवढ्या, आणि उघडून बघायला तितक्याच अवघड. शेवटी दादा, वहिनीचे यजमान, खालून हात पुसत आले आणि टेबलाच्या टोकाच्या खुर्चीकडे वळले. ती अण्णांची, त्यांच्या वडिलांची खुर्ची. वर्षभर दादा तिच्यात बसत होते, पण पुढच्या कडेवरच, वेटिंग रूममध्ये बसल्यासारखे.

टेबलावर ताटं नव्हती. एक कागद होता आणि एक पेन्सिल.

कागदाची गोष्ट वर्षापूर्वीची. अण्णांना पोचवून आल्यावर याच खोलीत भावजींनी एक छोटंसं भाषण केलं होतं. घराण्याच्या रिती जपल्या पाहिजेत, त्या गेल्या तर आपल्यात आणि रस्त्यावरच्या माणसात फरक काय, असं ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग भावजी म्हणाले, "काळजी नाही. वहिनी आहेतच."

वहिनी तेव्हा कपबश्या गोळा करत होती. 'वहिनी आहेतच' हे वाक्य तिच्या कानात शिरलं आणि बाहेर पडायला वर्षभर तयार झालं नाही. घरात पाणी येतंच, वीज असतेच, तशा वहिनी आहेतच. बत्तीस वर्षं ती दिवसभर खाली फर्मे शिवत होती, म्हणजे छापील पानांच्या घड्या दोऱ्याने एकत्र बांधत होती, आणि उरलेल्या वेळात वर येऊन रिती पाळत होती. गेल्या महिन्यात तिने त्या पहिल्यांदा मोजल्या. चौदा भरल्या.

"मी यादी केली आहे," ती आता म्हणाली. "आजपासून यांतलं मी आपणहून काही करणार नाही. मी एकेक वाचते. ज्याला जी रीत हवी, त्याने हात वर करायचा. मी त्याचं नाव लिहीन आणि तो ती स्वतःच्या हाताने करेल. कुणीच हात वर केला नाही तर रीत संपली."

भावजींनी घसा साफ केला. "यात प्रक्रियेचा एक मुद्दा आहे. म्हणजे एखाद्याला रीत हवी आहे, पण करणं शक्य नाही..."

"मग ती त्याला नको आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भावजींनी बायकोकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"एक," वहिनीने वाचलं. "जेवताना घरातल्या मोठ्या पुरुषाचा तिसरा घास गिळून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही."

सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. दादा म्हणाले, "मला तर त्याने घास घशाखाली उतरत नाही. सगळे बघत बसतात."

एक गेली. दोन म्हणजे पाहुण्यांचे बूट घरातल्या सुनेने पुसून ठेवायचे. भावजींनी दाराशी काढलेल्या आपल्या बुटांकडे पाहिलं. ते केव्हाच पुसून, नाड्या आत खोचून ठेवलेले होते. वहिनीच्याही ते आत्ताच लक्षात आलं, ते आल्याआल्या ती पुसून मोकळी झाली होती. दोनही गेली. तीन, चार आणि पाच जायला मिळून चहा थंड व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. सहावी, पहिली शिवलेली वही कधी विकायची नाही, ही बिट्टीने घेतली, कारण तिच्याकडे तशाही सतरा न विकलेल्या वह्या होत्या.

सातवी सुपाची. घरातून शेवटचं जे गेलं त्याच्या दिवसाची, म्हणजे वर्षातून एकदा, घरातल्या गेलेल्या माणसांच्या आठवणीची. जाड धान्याचं सूप, मिठाशिवाय. सगळ्यांनी चेहरा न बदलता वाटीभर संपवायचं.

इथे भावजी ताठ बसले. "हे मात्र राहिलं पाहिजे. थोरले या गावात आले तेव्हा पहिला हिवाळा त्यांनी मिठावाचून काढला. ती आठवण आहे ही. कष्टाची." थोरले म्हणजे अण्णांचे आणि आत्याबाईंचे वडील. त्यांनीच दुकान काढलं होतं.

"मीठ होतं की," आत्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"मीठ होतं घरात. बाबांना पायांवर सूज यायची, म्हणून डॉक्टरने बंद केलं होतं. आई त्यांचं वेगळं कुठे करत बसणार? सगळ्यांनाच अळणी."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" भावजींनी विचारलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण आवाज लहान मुलासारखा आला.

"कुणी विचारलं नाही. शिवाय तू भाषण इतकं छान करायचास."

"मी करेन सूप," डॉक्टरीणबाई एकदम म्हणाल्या. "मला आवडतं सगळे एकत्र बसतात ते. पण मीठ घालून."

"मीठ घालून म्हणजे मग ते नुसतं सूप झालं," भावजी म्हणाले.

"हो. सूपच."

वहिनीने सातच्या पुढे जावेचं नाव लिहिलं आणि कंसात 'मीठ' असं लिहिलं. आपल्याला हसू का येत नाही, याचं तिला नवल वाटलं. सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं. कुणी आवाज चढवत नव्हतं, रडत नव्हतं. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि बत्तीस वर्षांच्या रितींतल्या पाच निघून गेल्या होत्या, जुन्या गाठोड्यातले कपडे काढून टाकावेत तशा. एकानेही म्हटलं नव्हतं, की अरेरे.

आठवीला हात वर झाला तो दादांचा. घरातून कुणी प्रवासाला निघालं तर ते माणूस कोपऱ्यावर वळेपर्यंत खिडकीत उभं राहायचं, अशी ती रीत.

"ही मला हवी," ते म्हणाले.

"तुम्हाला?" वहिनीने पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही एकदाही उभे राहिला नाहीत त्या खिडकीत."

"निघणारा मी असायचो ना. कागद आणायला, कातडी आणायला. वळून बघितलं की तू असायचीस." दादांनी हात टेबलाखाली घेतले. वसंत ऋतूपासून त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता आणि लोकांसमोर ते तो लपवत. "आता मला कुठे जायला होणार? तू जा कुठेतरी. मी उभा राहतो."

वहिनीने त्यांचं नाव लिहिलं. अक्षर जरा तिरपं आलं.

त्यानंतर नववी, पत्राची. थोरल्यांनी मुलांना लिहिलेलं अकरा पानी पत्र घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेने लग्नानंतर महिन्याभरात स्वतःच्या हाताने उतरवून काढायचं. खाडाखोड झाली तर पहिल्यापासून. वहिनीने ते तीनदा उतरवलं होतं. पहिल्यांदा नवव्या पानावर शाईचा थेंब पडला, दुसऱ्यांदा शेवटच्या पानावर एक ओळ सुटली. अण्णांनी प्रत तपासून काही न बोलता परत दिली होती. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि मोरीत नळ सोडून रडली होती, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"सोडून द्या हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताई, खरं सांगू? मी तर झेरॉक्स काढली होती."

"काय काढली होती?"

"माझी तेव्हा परीक्षा होती. मी तुमचीच प्रत मागून घेतली, आठवतं? कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्स काढली आणि खाली माझं नाव टाकलं. अण्णांना दिली. ते म्हणाले, अक्षर सुरेख आहे."

दादांना हसू आलं. त्यांनी ते दाबलं, पण उशिरा दाबलं.

वहिनी उठली. ती खिडकीशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "एक सांगा मला. हे कुणालाच नको होतं, तर बत्तीस वर्षांत एकानेही का बोलू नये?"

"आम्हाला वाटलं तुला आवडतं," दादा म्हणाले.

"अळणी सूप?"

"तू इतकं नीट करायचीस."

रिती टाकायचा वहिनीनेच घाट घातला होता, तिचंच म्हणणं खरं ठरत होतं, आणि तिला असं वाटत होतं की कुणीतरी तिचं कपाट विचारल्याशिवाय रिकामं केलं आहे. जावेचा तिला मनापासून राग आला. जावेने काही वाईट केलं नव्हतं, यामुळे तर जास्तच आला.

बिट्टीने हळूच विचारलं, "आई, पत्र राहू दे का मग?"

"नको." वहिनी परत येऊन बसली. "सातवं पान राहील. त्यात खळ कशी शिजवायची ते लिहिलंय, आणि तशी खळ आजही कुणाला जमत नाही. बाकीच्या दहा पानांत मोठ्यांचं ऐका एवढंच आहे. सातवं पान खाली भिंतीला लावा. छापून."

नऊच्या पुढे तिने लिहिलं: पान सात, भिंत.

दहा ते तेरा कशा गेल्या हे नंतर कुणालाच नीट सांगता आलं नाही. एक भावजींनी घेतली, आब राखायला. सगळ्यांना माहीत होतं की खरा प्रश्न शेवटचा आहे, आणि तो कागदावर असला तरी खाली दुकानात आहे.

खाली नगर ग्रंथालयाचा नकाशांचा संच पडून होता. हाताने काढलेले नकाशे, एकच प्रत. बिट्टीने तो तीन आठवडे खपून शिवला होता. आता त्याच्या तीन कडा कापायच्या राहिल्या होत्या, आणि मंगळवारी तो न्यायला माणूस येणार होता. कडा कापायची ती थोरल्यांची सुरी. लाकडी चौकटीत बसवलेलं पातं, शिकंज्यात पुस्तक आवळायचं आणि वरून चौकट पुढे-मागे ढकलत राहायचं. एका फेरीत पाच-सात पानं कापली जातात. हात हलला की कड करवतीसारखी होते, मग पुन्हा कापावी लागते, आणि नकाशाच्या समासाला तेवढी सवड नव्हती. दादांचा हात हलत होता.

"चौदा," वहिनी म्हणाली. "सुरी बापाकडून मुलाकडे जाते. घरातल्या बाईने तिला हात लावायचा नाही."

दादांना मुलगा नव्हता, आणि भावजींचा एकुलता एक मुलगा जहाजांवर रेडिओ सांभाळत होता आणि त्याला कागदाची धूळ सोसत नव्हती. म्हणजे रीत पाळायची तर सुरी कपाटात जाणार आणि कापायचं काम बाहेरच्या यंत्रावर. आणि बांधणीवाला जर कड दुसऱ्याकडून कापून आणायला लागला, तर गिऱ्हाईक बाकीचं कामही त्या दुसऱ्याकडेच नेतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

"मला ही रीत नको आहे," बिट्टी म्हणाली. "मला सुरी हवी आहे."

दादा म्हणाले, "मला काही हरकत..."

"मला आहे," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी हात वर केला. बारीक, सरळ, शाळेतल्यासारखा. "लिही माझं नाव. ही रीत मला हवी. मी पाळते. मी छप्पन्न वर्षं पाळली आहे."

"आजी, पण का?" बिट्टीने विचारलं.

आत्याबाईंनी उत्तर दिलं ते बिट्टीला नाही, टेबलाला. "मी चोवीस वर्षांची होते. तुझ्या आजोबांचा हात शिकंज्यात सापडला. तीन बोटं मोडली. दीड वर्ष त्याला पेन्सिल धरता येत नव्हती. बाबांची नजर गेलेली. मग कडा कोण कापत होतं? दुपारी दुकानाचं शटर खाली ओढायचं, आत दिवा लावायचा. बाहेर पाटी, मालक जेवायला गेले आहेत. दीड वर्ष मालक दुपारभर जेवत होते. खाली भिंतीवर ते पदक आहे ना, प्रदर्शनातलं? त्या पुस्तकाच्या कडा माझ्या आहेत."

दादांचं तोंड उघडं राहिलं. त्या पदकाखाली ते पन्नास वर्षं बसत आले होते.

"हात बरा झाला त्याचा. त्या दिवशी मी सुरी पुसून ठेवायला घेतली, तर म्हणाला, राहू दे, बायकांनी हात लावायचा नाही, रीत आहे. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून मी परत शिलाईला बसले. कधी बोलले नाही. आता ही पोर म्हणते, नको आहे, आणि तुम्ही म्हणणार, बरं, संपली. पेन्सिलीने रेघ मारली की संपली. मग मी काय केलं इतकी वर्षं?"

भावजी चष्मा काढून पुसत बसले. बिट्टी रडवेली झाली होती. ती म्हणाली, "राहू दे आई. त्यांना नको असेल तर राहू दे."

वहिनीने आत्याबाईंकडे पाहिलं. या बाईने तिला फर्मे शिवायला शिकवले होते, टाका ओढताना दोऱ्याला किती ताण द्यायचा ते बोटावर बोट ठेवून दाखवलं होतं, आणि चुकल्यावर त्याच बोटावर चापटही मारली होती.

"आत्याबाई, मघाशी मला हिचा राग आला," वहिनी म्हणाली आणि जावेकडे मान वळवली. "हिला अकरा पानं लिहावी लागली नाहीत म्हणून."

"बघितलं मी."

"अजून गेला नाही."

"जाणारही नाही. मग?"

"मग काही नाही. राग आहे. पण म्हणून मी हिला आता लिहायला बसवणार नाही."

डॉक्टरीणबाई, ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, हलक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, मला खरंच कळलं नव्हतं की तुम्ही तीनदा..."

"थांब गं," आत्याबाई म्हणाल्या. मग त्यांनी हात खाली घेतला. तो इतका वेळ वरच होता, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. "पोरी, शिकंजा कोणत्या हाताने आवळतेस?"

"उजव्या."

"वाटलंच. दोन्ही हातांनी आवळायचा. चल खाली."

सगळे खाली गेले. दादांनी सुरी चौकटीसकट कपाटातून काढली आणि बिट्टीच्या हातात देताना काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "धार लावलेली आहे." मग ते बाहेर जाऊन पायरीवर बसले, कारण बघवेना. भावजी त्यांच्याशेजारी बसले. दोघं भाऊ रस्त्याकडे तोंड करून, आत चाललेलं फक्त ऐकत राहिले.

आत्याबाईंना स्टूल दिलं होतं. बिट्टीने पुस्तक शिकंज्यात आवळलं, पेन्सिलीच्या रेघेशी जुळवलं, परत सैल केलं, परत आवळलं. पहिल्या फेरीला पातं नुसतं घसरलं.

"मनगट नाही. खांदा. कपाटाचं दार ढकलतो तसं."

दुसऱ्या फेरीला कागदाची बारीक पट्टी वळत खाली पडली. मग दुसरी. मुलीच्या मानेवरची शीर ताणलेली वहिनीला दिसत होती. वरची कड व्हायला वीस मिनिटं लागली, खालचीला पंधरा. बिट्टीने काटकोन तपासायला गुण्या लावून पाहिला. आत्याबाईंनी कडेवरून अंगठा फिरवला, डोळे मिटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मधे जरा घाबरलीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"दिसत नाही. मला लागलं हाताला."

आता समोरची कड उरली होती, सगळ्यात लांब. बिट्टीने शिकंजा आवळला, दोन्ही हातांनी, आणि सुरीची चौकट उचलली. मग ती थांबली, स्टुलाकडे वळली आणि चौकट पुढे केली.

आत्याबाईंनी दाराकडे पाहिलं. शटर पूर्ण वर होतं. दुपारचा उजेड आत शिकंज्याच्या पायापर्यंत आला होता, आणि पायरीवर दोन पाठी दिसत होत्या.

"माझ्याने व्हायचं नाही," त्या म्हणाल्या.

"दोन-चार फेऱ्या," वहिनी म्हणाली. तिने त्यांना काखेत धरून उभं केलं आणि त्यांच्या मागे उभी राहिली, भिंतीसारखी.

आत्याबाईंनी चौकट धरली. हात अगदी म्हातारे होते, पण कोपर जिथे हवं तिथे आपोआप गेलं. त्यांनी ढकललं. पट्टी पडली. परत ओढलं, परत ढकललं. दादा आवाज ऐकून मागे वळले आणि तसेच बघत राहिले. सहाव्या फेरीच्या वेळी समोरून एक माणूस सायकलवरून गेला. त्याने आत पाहिलं, एक म्हातारी काहीतरी कापते आहे असं त्याला दिसलं असणार, आणि तो घंटी वाजवत पुढे निघून गेला.

आत्याबाई थांबल्या. धापा टाकत होत्या.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला," वहिनी म्हणाली.

"काही म्हणाला?"

"नाही."

आत्याबाईंनी मान हलवली, बिट्टीला बाजूला सरकायची खूण केली आणि परत चौकट ढकलली.